देव निजले, आपण का जागे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

रामजन्म भर दुपारचा, कृष्णजन्म मध्यरात्रीचा, हनुमंताचा सूर्योदयाचा. आपले दत्तमहाराज मात्र अवतरले ते मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सायंकाळी. दत्तजयंतीला आपण पाळणा म्हणतो तेव्हा सूर्य मावळतीला टेकलेला असतो, पूर्वेकडून पूर्ण चंद्र वर येत असतो आणि मंदिरातल्या समया नुकत्याच उजळलेल्या असतात. ज्याच्या दैवताचा जन्मच दिवेलागणीचा, त्या भक्ताने संध्याकाळचा थोडा जास्त विचार करावा, असं मला पुष्कळ दिवस वाटत आलं आहे. म्हणून यंदाच्या अंकासाठी हाच विषय घेतला. आपली संध्याकाळ कशी जाते, आणि त्या संध्याकाळच्या पोटी येणारी रात्र कशी जाते?

साध्या भाषेत सांगायचं तर विषय झोपेचा. दत्तजयंतीच्या अंकात झोपेवर लेख कशाला, असं कुणी म्हणेल. त्यांनी सकाळच्या आरतीनंतर तीर्थ घेऊन मंदिराच्या ओट्यावर पाच मिनिटं बसावं. आम्हा साठीपुढच्या मंडळींच्या तोंडी तीनच विषय असतात: गुडघे, साखर आणि झोप. "काल रात्री दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही हो." "माझी तर साडेतीनला मोडते, मग नुसती कूस बदलायची." गुडघ्याला डॉक्टर आहे, साखरेला गोळी आहे. झोपेबद्दल मात्र सगळे "वय झालं, चालायचंच" म्हणून सोडून देतात. ती इतक्या सहज सोडून देण्यासारखी गोष्ट आहे का? आणि ती केवळ शरीराची बाब आहे की तिच्यात काही धर्माचाही भाग आहे? मी वैद्य नव्हे, शाळेत शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. जे वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि भोवती पाहिलं, ते आपल्यापुढे ठेवतो.

शेजारती कुणासाठी?

दत्तस्थानांचा दिवस कसा बांधलेला असतो ते आपण जाणतोच. पहाटे काकडआरती, मग अभिषेक, महापूजा, नैवेद्य, संध्याकाळी धूपारती, पालखी आणि शेवटी शेजारती. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नरसोबाची वाडी असो, औदुंबर असो की भीमेकाठचं गाणगापूर, शेजारतीशिवाय कुठल्याही स्थानाचा दिवस पुरा होत नाही. लहानपणी प्रत्येकाने एकदा तरी विचारलेलं असतं, "देवाला झोप येते का?" मोठी माणसं हसून गप्प करतात. पण प्रश्न चांगला आहे. जो सर्व काळ जागा आहे, ज्याच्या जागेपणावर जग चाललं आहे, त्याला बिछाना कशाला, विडा कशाला, पडदा कशाला?

मला उत्तर सुचतं ते असं. शेजारती देवाला निजवण्यासाठी जितकी आहे तितकीच आपल्याला दिवस संपवायला शिकवण्यासाठी आहे. तिची रीत पाहा. आधी ढोल-ताशा थांबतो. मग गर्दी ओसरते. आवाज खाली येतो, चाल संथ होते, दिवे एकेक करून कमी होतात, पडदा ओढला जातो आणि दार लागतं. धाडकन काही होत नाही. आणि एकदा दार लागलं की लागलं. मग गाडीभर पाहुणे येवोत की मोठा पुढारी येवो, पुजारी नम्रपणे सांगतात, "आता पहाटे या." त्यात कुणाचा अपमान नसतो. कामाला जशी वेळ असते तशी न-कामालाही असते, एवढंच त्यातून सांगितलं जातं.

तो नियम मान्य करून, पायरीला हात लावून आपण घरी येतो. हातपाय धुतो, गादीवर पडतो आणि उशाजवळचा मोबाइल उचलतो. देवाचं दार लागलेलं असतं. हे हातातलं दार मात्र कधीच लागत नाही. त्याला काकडआरती नाही, शेजारती नाही, सकाळ नाही, रात्र नाही. मंदिरात जी मर्यादा आपण आनंदाने पाळतो, ती स्वतःच्या देहाच्या मंदिरात का पाळत नाही, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

देहाची दिवेलागण

देहालाही त्याची दिवेलागण असते. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम वस्तू दाखवण्याचं नाही. बाहेर उजेड किती आहे, दिवस आहे की रात्र, याची बातमी त्या मेंदूतल्या एका इवल्याशा केंद्राला देतात. निळसर उजेडाला त्या फार लवकर प्रतिसाद देतात, कारण दिवसाच्या आभाळाचा उजेड तसा असतो. अंधार पडू लागला की ते केंद्र पिनियल ग्रंथीला मोकळीक देतं आणि मेलाटोनिन नावाचं द्रव्य रक्तात उतरू लागतं. "रात्र झाली, आवरा आता," असा तो सगळ्या शरीराला धाडलेला निरोप. हे घड्याळ एकट्या मेंदूत नाही, पेशीपेशीत आहे. ते कसं चालतं याचा उलगडा फळमाशीचा अभ्यास करून ज्यांनी केला, त्या तीन शास्त्रज्ञांना, हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना, २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. एवढ्याशा माशीला ज्यांनी गुरू केलं ते अवधूताच्याच वाटेने गेले म्हणायचे.

आता रात्री साडेदहाला आपण तोंडापासून वीतभर अंतरावर उजळ पडदा धरतो तेव्हा या केंद्राला काय बातमी जाते? अजून दिवस आहे. निरोप थांबतो. अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयात यावर केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. १२ निरोगी तरुण माणसांना काही दिवस झोपण्याआधी चार तास उजळ पडद्याच्या उपकरणावर पुस्तक वाचायला दिलं आणि काही दिवस मंद उजेडात साधं छापील पुस्तक. पडद्यावर वाचलं त्या दिवसांत मेलाटोनिन कमी झालं, झोप सरासरी दहा मिनिटं उशिरा लागली आणि सकाळी अंगात सुस्ती जास्त राहिली.

हे वाचून मी थोडा चक्रावलो. चार तास पडद्यासमोर बसून उशीर झाला तो दहा मिनिटांचा. मग आपल्या ओट्यावरचे जे काका दोन वाजेपर्यंत जागे असतात, त्यांचे बाकीचे तीन तास कोण नेतं? थोडा विचार केल्यावर लक्षात आलं. त्या प्रयोगात दिवा मालवायची वेळ ठरलेली होती. वेळ झाली की वाचन बंद. म्हणजे दार लावणारं कुणीतरी बाहेरचं होतं. आपल्या घरात ते कुणी नाही. उजेडाने होणारं नुकसान खरं आहे, पण मोठी चोरी उजेड करत नाही. ती कोण करतं ते अवधूताने आपल्याला फार पूर्वी सांगून ठेवलं आहे.

पतंग आणि पिंगला

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा एका निश्चिंत अवधूताला विचारतो की तुला हा आनंद कुठून मिळाला. अवधूत आपल्या २४ गुरूंची नावं सांगतो. परंपरेने हा अवधूत म्हणजे श्रीदत्तात्रेयच मानले आहेत, आणि जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथमहाराज यांनी याच स्कंधावर एवढा मोठा मराठी ग्रंथ सिद्ध केला. त्या चोविसांत पतंग आहे. दिव्याचं रूप पाहून झेपावतो आणि जळतो. मोबाइलवर बोलताना हा पतंग आपल्या सगळ्यांना आठवतो, प्रवचनकारही त्याचा दाखला देतात. दाखला बरोबर आहे, पण अपुरा आहे. पतंगाचा खेळ क्षणात आटोपतो. आपलं तसं नाही. आपण जळत नाही, ताटकळतो.

ताटकळण्याचा गुरू वेगळा. ती विदेहनगरीतली पिंगला, देह विकून पोट भरणारी. एका संध्याकाळी ती नटूनथटून दारात उभी राहते. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस तिला धनवान वाटतो. हा येईल. हा गेला, तर पुढचा येईल, तो जास्त देईल. कंटाळून ती आत जाते, अंथरुणावर टेकते, पुन्हा उठून दारात येते. आत-बाहेर, आत-बाहेर. असं करता करता मध्यरात्र होते. शेवटी तिला स्वतःचाच वीट येतो. जो अंतरात सदैव जवळ आहे त्याला सोडून मी कुणाची वाट पाहत बसले, असा विचार तिच्या मनात येतो. ती आशा सोडते, आत जाते आणि सुखाने झोपी जाते.

या कथेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पिंगलेच्या बाहेरच्या परिस्थितीत काहीही बदल झाला नाही. कुणी आलं नाही, पैसा मिळाला नाही, उद्याची भ्रांत मिटली नाही. तरी तिला झोप लागली. इतकी सांसारिक, इतकी साधी खूण भागवतकारांनी वैराग्याला दिली आहे. तिला समाधी लागली असं ते म्हणत नाहीत. झोप लागली, एवढंच म्हणतात.

आता रात्रीच्या आपल्या हातांकडे पाहा. मोबाइल खाली ठेवणं, पुन्हा उचलणं. खाली, वर. काही आलं का? अकराला गटावर 'शुभ रात्री'चं चित्र पाठवायचं आणि मग त्यावर निळ्या दोन खुणा कधी उमटतात ते पाहत बसायचं. बातम्यांत काय झालं, भाव कुठवर गेला, अमक्याने उत्तर का दिलं नाही, पुढची चित्रफीत कसली आहे. प्रत्येक वेळी पुढचं जास्त चांगलं असेल अशी चुटपुट. ही पिंगलेची आत-बाहेर आहे, फक्त दार हातात आलं आहे. झोप घालवते ती ही आशा. उजेड तिचा साथीदार.

पण आम्ही तर कीर्तनच ऐकतो!

इथे माझ्या वाचकांपैकी बरेच जण हात वर करतील. "आम्ही काही मालिका पाहत नाही. आम्ही रात्री प्रवचन लावतो, वाडीचं दर्शन घेतो, नामस्मरण ऐकतो. त्यातही दोष?"

दोष नाही. पण डोळ्यातल्या त्या पेशींना कीर्तन आणि मालिका यांतला फरक कळत नाही, त्यांना उजेड कळतो. आणि दुसरं, एक प्रवचन संपलं की खाली लगेच दुसरं उभं असतं, तिसरं असतं. बुवांनी हेचि दान मागून समाप्ती केली तरी यंत्र समाप्ती करत नाही. आपल्याकडे जागरणाला मान आहे, हे खरं. एकादशीचा जागर आहे, शिवरात्र आहे, कोजागरी आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तर सगळ्यांची जी रात्र, तिच्यात संयमी जागा असतो असं म्हटलं आहे. पण जागर म्हणजे काय ते पाहा. त्याची तिथी ठरलेली असते. संकल्प असतो, सोबत माणसं असतात, सुरुवात असते आणि पारणं असतं. कुणी आजाऱ्याच्या उशाशी बसून रात्र काढतो, तीही सेवा आहे, तिला माझा नमस्कार. रोज रात्री एकट्याने, ठरवलेलं नसताना, थांबता येत नाही म्हणून जागणं हे जागरण नव्हे. त्याला पारणं नाही, म्हणून त्याचं पुण्यही लागत नाही आणि शीणही जात नाही.

त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट केलं आहे की अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाही. आहार, विहार, कर्म, झोप, जागणं, सगळं बेताचं हवं. चरकाचार्यांनी देहाचे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहारानंतर लगेच निद्रेचं नाव आहे. सप्तशतीत देवीला ज्या ज्या रूपांत वंदन केलं आहे, त्यांत एक रूप निद्रेचं आहे. आपल्या शास्त्रांनी झोपेला आळसाच्या खात्यात टाकलेलं नाही. तिला देवीचं रूप मानलं, खांब मानलं, योगाची अट मानलं. तिची हेळसांड करणाऱ्याने निदान ती धर्माच्या नावावर करू नये.

शिवाय तिचं देणं दुसरेच फेडतात. रात्र नीट गेली नाही की सकाळी सुनेवर आवाज चढतो, नातवाच्या प्रश्नाला खेकसून उत्तर जातं, पूजेत मन लागत नाही आणि दुपारच्या प्रवचनात मान डुलते. पहाटे काकडआरतीला यायचं असेल तर तिची सुरुवात आदल्या रात्रीच्या शेजारतीपासून होते.

वाट पाहणाऱ्या आईचं काय?

आता सगळ्यात अवघड भाग. आमच्या मंदिरात येणाऱ्या एका मावशींचा मुलगा कॅलिफोर्नियात आहे. तो कामावर निघताना गाडीतून फोन करतो. तिकडे सकाळचे साडेआठ, इकडे थंडीच्या दिवसांत रात्रीचे दहा. उन्हाळ्यात हाच फोन नऊला येतो, पण नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ बदललं की एक तास पुढे जातो. रोज येतोच असं नाही. आला तर पाच मिनिटं. नाही आला तर मावशी साडेदहा, अकरा, साडेअकरा अशा हातात मोबाइल घेऊन बसतात. मी पिंगलेची कथा सांगितली तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "पिंगला पैशाची वाट बघत होती हो. मी पोराची बघते. ती आशा सोडू?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोभाची आशा सोडायला सांगणं सोपं आहे. मायेची आशा सोड असं आईला कोण सांगेल? असाच दुसरा प्रश्न एका काकांचा. पत्नी गेल्यापासून ते रात्री टीव्ही बंदच करत नाहीत. "बंद केला की घर खायला उठतं," म्हणतात. त्यांना उजेडाचं शास्त्र सांगून काय उपयोग? त्यांना उजेड नको आहे, सोबत हवी आहे.

मी यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, अवधूत पिंगलेकडून जे शिकला ते प्रेम सोडणं नव्हे, दारात उभं राहणं सोडणं. माया आणि ताटकळणं या दोन गोष्टी आहेत. कौसल्येची माया चौदा वर्षं टिकली, पण ती काही चौदा वर्षं वेशीवर उभी नव्हती. मावशींनी पुढे मुलाशी बोलून एक वेळ ठरवून घेतली. रविवारी आपली सकाळ साडेसातची, त्याची शनिवारची संध्याकाळ सहाची. ना त्याला घाई, ना यांना. तेव्हा नातवंडंही घरात असतात, अर्धा-पाऊण तास बोलणं होतं. बाकीच्या दिवशी फोन आला तर प्रसाद, नाही आला तर वाट पाहायची नाही. "पण रात्री काही झालं तर?" हाही प्रश्न आला. त्याला उत्तर सोपं आहे. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायचा, घंटी मोठी करून. खरं संकट घंटी वाजवून येतं. पडद्यावर नुसतं लुकलुकत येणारं सकाळपर्यंत थांबू शकतं.

काकांनी टीव्हीऐवजी लहान रेडिओ घेतला आहे, आपोआप बंद होणारा. मंद आवाज असतो, उजेड नसतो. एकटेपणा त्याने संपत नाही, ते मी सांगत नाही. पण रात्रीचं एकटेपण दिवसा माणसांत राहून कमी होतं, रात्री पडद्याने नाही. म्हणून आता संध्याकाळच्या पालखीला दोघं-तिघं त्यांना घरून घेऊन येतात. मंदिर हे यासाठीही आहे.

घरातली शेजारती

मग करायचं काय? मोठा नेम नको. मंदिराची रीतच घरी उतरवायची: हळूहळू आवाज कमी, उजेड कमी, मग दार बंद.

सुरुवात दुपारपासून होते. शेवटचा चहा चारच्या आत. चहा-कॉफीतलं उत्तेजक द्रव्य सरासरी पाच तासांनीही निम्मं अंगात असतं, म्हणजे सहाच्या चहाचा निम्मा अंमल अकरालाही असतो. दुपारी डुलकी हवीच असेल तर अर्ध्या तासाच्या आत आणि तिन्हीसांजेपासून लांब. जेवण लवकर आणि हलकं. निजताना तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा लघवीला उठावं लागतं अशी तक्रार करण्यात अर्थ नाही, पाणी दिवसा प्यावं.

झोपण्याआधीचा एक तास हा शेजारतीचा तास. घरातले पांढरे लख्ख दिवे मालवून एखादा पिवळसर मंद दिवा ठेवावा. मोबाइल बाहेरच्या खोलीत, देव्हाऱ्यापासूनही लांब. पहाटेच्या गजरासाठी साधं घड्याळ घ्यावं, म्हणजे 'गजरासाठी उशाला ठेवतो' ही सबब उरत नाही. कोमट पाण्याने पाय धुवावेत. आजी तळव्यांना तूप लावून काशाची वाटी घासायची ते उगाच नव्हतं. पाय ऊबदार झाले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पोटातली उष्णता बाहेर पडते, आणि अंतरंग जरा थंड झालं की झोप येते. मग उद्याच्या चिंता कागदावर लिहून काढाव्यात: वीजबिल, गोळ्या आणायच्या, अमक्याला फोन. लिहिलं की मन त्यांची राखण करत बसत नाही. शेवटी करुणात्रिपदी म्हणावी, पाठ असेल तर डोळे मिटून. टेंब्येस्वामींच्या त्या पदांना पडदा लागत नाही.

अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर तळमळत राहू नये. उठावं, मंद उजेडात खुर्चीवर बसावं, नाम घ्यावं, पेंग आली की परत जावं. अंथरूण म्हणजे तळमळ, अशी गाठ मनात बसू द्यायची नाही. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवावी आणि कोवळ्या उन्हात थोडं चालावं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की रात्रीचं घड्याळ आपोआप लागतं. अर्घ्य देणारे आपले पूर्वज हेच करत होते.

वयाचाही हिशेब ठेवावा. साधारण सात-आठ तास झोप वयस्कांना पुरते. नऊला निजून चारला जाग येणाऱ्याची झोप मोडलेली नसते, सात तास पुरे झालेले असतात. म्हातारपणी गाढ झोप कमी होते, मधे एक-दोनदा जाग येते, ते सगळ्यांचं होतं. मात्र घोरताना श्वास अडकत असेल, पाय अस्वस्थ होत असतील, किंवा महिनोन्महिने झोप नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं. झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या सल्ल्याने सुरू करू नयेत आणि स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नयेत. उतारवयात त्यांच्या गुंगीत माणूस रात्री पडतो, आणि त्या पडण्याची किंमत फार असते.

सात रात्रींचा नेम

गुरुचरित्राच्या सप्ताहाचे नियम आपण सांभाळतो. हविष्यान्न, मौन, सोवळं. त्यांत झोपेचाही नियम आहे: देवाजवळ, चटईवर किंवा धाबळीवर, डाव्या कुशीवर. म्हणजे ग्रंथवाचनाइतकंच निजणंही त्या व्रताचा भाग मानलं आहे. सप्ताहात बसणारे पुष्कळ जण सांगतात, "गादी नव्हती तरी काय छान झोप लागली!" लोक त्याचं श्रेय पारायणाला देतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या सात दिवसांत आपण वेळेवर जेवलेलो असतो, पहाटे उठलेलो असतो, कमी बोललेलो असतो आणि हातात पडदा नसतो, हेही त्या पारायणाचंच देणं आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. यंदा दत्तजयंतीनंतर आणखी सात रात्री हा एक नेम चालवून पाहावा. पाळणा झाला, सुंठवडा खाल्ला, घरी आलो की मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून दार लावायचं. पहिल्या दोन-तीन रात्री हात चाचपडेल. चाचपडू द्या.

झोपताना आपण नेमकं काय करतो याचा कधी विचार केला आहे? डोळे मिटले की घर, पैसा, मुलंबाळं, हा श्वाससुद्धा, काहीच आपल्या ताब्यात नसतं. सगळं दुसऱ्या कुणावर सोपवूनच माणूस झोपतो. देव मानणारा आणि न मानणारा, दोघेही रोज रात्री एवढं समर्पण करतातच. भक्ताला फक्त ते कुणाच्या हाती सोपवायचं हे ठाऊक असतं. दिवसभर 'तूच कर्ता' म्हणायचं आणि रात्री बारापर्यंत जगाची खबर आपणच घेत बसायचं, याचा मेळ बसत नाही. आपण झोपलो म्हणून जग थांबत नाही. शेजारतीनंतर पडद्याआड जो निजल्यासारखा दिसतो, तो आपल्यासाठी जागाच असतो.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त!